जुन्या क्रीडा मोटारगाडीचे कार्यमानवर्धन

उत्पादन बंद झालेल्या अथवा बरीच वर्षे वापरात असलेल्या क्रीडा मोटारगाडीचा वेग, त्वरण, वळणावरील स्थैर्य व थांबण्याची क्षमता वाढविण्यासाठी तिच्या मूळ रचनेत केलेल्या फेरफारांना कार्यमानवर्धन असे म्हणतात. झिजलेला भाग बदलून गाडी पूर्वस्थितीस आणणे ही दुरुस्ती होय. कार्यमानवर्धनात कारखान्याने ठरविलेली मर्यादा जाणूनबुजून ओलांडली जाते. म्हणून कोणता फेरफार निवडावयाचा व कोणत्या क्रमाने करावयाचा, हा या विषयातील मुख्य प्रश्न ठरतो. मोटारगाडीचे सर्व भाग परस्परावलंबी असतात. एका भागाची क्षमता वाढविली की भार पुढील भागावर पडतो आणि सर्वांत दुबळ्या भागाने संपूर्ण गाडीची मर्यादा ठरते. हा दुबळा भाग ब्रेक किंवा टायर असेल, तर त्याची किंमत प्राणाने मोजावी लागण्याचा संभव असतो.

ब्रिटिश बनावटीची एमजीबी ही गाडी या विषयाचे उत्तम उदाहरण आहे. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या मालिकेच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. सुटे भाग मुबलक मिळत असल्याने त्यांपैकी अनेक आजही चालू स्थितीत आहेत. उघड्या छताच्या मूळ गाडीचे वजन सु. ९२० किग्रॅ. असून तिच्या चार सिलिंडरांच्या १,७९८ घ. सेंमी. एंजिनाची शक्ती दर मिनिटास ५,४०० फेऱ्यांना ९५ अश्वशक्ती होती. कमाल वेग ताशी सु. १६५ किमी. होता व स्थिर स्थितीपासून ताशी ९६ किमी. वेग गाठण्यास सु. १२ सेकंद लागत. आजच्या साध्या कौटुंबिक गाडीशी तुलना करता हे आकडे सामान्य वाटतात. त्यामुळेच अशा गाडीच्या मालकास शक्ती वाढविण्याचा मोह होतो.

या एंजिनाचा भारताशी जवळचा संबंध आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडर गाडीत दीर्घकाळ बसविले जाणारे १,४८९ घ. सेंमी. एंजिन याच ‘बी’ मालिकेतील होते. एमजीबीच्या आधीच्या एमजीए गाडीतही (१९५५) प्रारंभी तेवढ्याच आकारमानाचे एंजिन होते. मात्र दोन कार्ब्युरेटर, अधिक संपीडन गुणोत्तर व निराळा कॅमदंड यांमुळे त्यातून सु. ७० अश्वशक्ती मिळे, तर अँबॅसडरमध्ये सु. ५० अश्वशक्तीच घेतली जाई. अँबॅसडरला वजन व प्रवासी वाहून नेण्यासाठी कमी फेऱ्यांवर ओढ हवी होती, तर एमजीएला अधिक फेऱ्यांवर शक्ती हवी होती. एकाच मुशीतील एंजिनाची जुळणी उद्दिष्टाप्रमाणे कशी बदलते, हे यावरून स्पष्ट होते.

पूर्वस्थिती प्रस्थापित करणे : कोणताही नवा भाग बसविण्यापूर्वी गाडी तिच्या मूळ क्षमतेने चालते की नाही हे पाहणे अगत्याचे असते. चारही सिलिंडरांतील संपीडन दाब मोजून त्यांत फार तफावत नाही ना, हे पाहतात. सर्वसाधारणपणे १० टक्क्यांपेक्षा अधिक फरक आढळल्यास झडपा, दट्ट्याची कडी अथवा सिलिंडर टोपणाचे गास्केट यांत दोष असण्याचा संभव असतो. झिजलेला कॅमदंड झडप पुरेशी उचलत नाही, सैल झालेली साखळी झडपांच्या वेळा बिघडविते व कार्ब्युरेटरच्या झिजलेल्या दांड्याभोवतून नको ती हवा आत शिरते. समजा, अशा कारणांनी ९५ पैकी ८० अश्वशक्तीच उरली असेल, तर केवळ निगा राखून १५ अश्वशक्ती परत मिळते. एखादी नवी निष्कास नळी बसवून एवढा लाभ क्वचितच होतो. शिवाय सदोष एंजिनावर बसविलेल्या नव्या भागाचा परिणाम मोजता येत नाही, कारण तुलनेसाठी स्थिर पायाच नसतो.

ब्रेक : गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चालक व सामान धरून १,०७० किग्रॅ. वजनाच्या गाडीत ताशी १०० किमी. वेगाला सु. ४१० किलोजूल ऊर्जा असते. ताशी १४० किमी. वेगाला ती सु. ८१० किलोजूल, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. थांबताना ही सर्व ऊर्जा मुख्यत्वे ब्रेकच्या चकत्या व ड्रम यांत उष्णतेच्या रूपाने साठते. एमजीबीच्या पुढील चाकांना २७३ मिमी. व्यासाच्या चकत्या व मागील चाकांना २५४ मिमी. व्यासाचे ड्रम असतात. एका जोरदार थांबण्यास ही व्यवस्था पुरेशी पडते. घाटाच्या उतारावर वा शर्यतीत वारंवार ब्रेक लावावे लागले, तर मात्र घर्षण-अस्तर तापून त्याची पकड घटते. ब्रेकचा द्रव हवेतील आर्द्रता शोषून घेतो व त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. तापलेल्या द्रवात वाफेचे बुडबुडे निर्माण झाले, की पायटा दाबूनही दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. यास्तव ताजा द्रव, नव्या लवचीक नळ्या व उच्च तापमानास टिकणारी अस्तरे हा सर्वांत कमी खर्चाचा व सर्वांत आवश्यक असा पहिला फेरफार होय. मोठ्या चकत्या त्यानंतर येतात. चाक एकदा अडकून घसरू लागले, की मोठी चकती थांबण्याचे अंतर कमी करू शकत नाही. ते अंतर टायरच्या पकडीवर अवलंबून असते.

टायर व निलंबन : त्वरण, वळण व थांबणे या तिन्ही क्रियांची बले अखेरीस टायर व रस्ता यांमधील तळहाताएवढ्या चार स्पर्शक्षेत्रांतून जातात. रबर कालांतराने कठीण होते. खाचा शाबूत दिसत असूनही जुन्या टायरची ओल्या रस्त्यावरील पकड पुष्कळ कमी झालेली असते. गाडी वर्षातून थोडेच अंतर चालत असल्यास टायर झिजण्यापूर्वीच जुना होतो, हे विशेष लक्षात ठेवावे लागते. मूळ मापापेक्षा किंचित रुंद व योग्य प्रतीचा अरीय टायर बहुधा लाभदायक ठरतो. फार रुंद टायर व जड चाके बसविल्यास स्प्रिंगेखालील वस्तुमान वाढते, सुकाणू जड होते आणि चाक मडगार्डला घासण्याचा संभव निर्माण होतो.

एमजीबीच्या पुढील बाजूस मळसूत्री स्प्रिंगा असून मागील अखंड आस कमानपाट्यांवर बसविलेला असतो. धक्काशोषक तरफेच्या बाहूने चालणारे असतात. झिजलेल्या रबरी बुशा बदलणे व धक्काशोषकांतील तेल योग्य पातळीस आणणे, एवढ्यानेच अनेक गाड्या पुन्हा सरळ धावू लागतात. त्यानंतर वळणावर गाडी फार कलू न देणारा जाड आडवा दांडा व थोड्या ताठ स्प्रिंगा यांचा विचार करता येतो. गाडी खाली आणल्याने गुरुत्वमध्य खाली येतो हे खरे. पण निलंबनाची हालचालही कमी होते व खड्ड्यात आस थेट अडथळ्यावर आपटतो. खडबडीत रस्त्यावर मऊ निलंबनाची गाडी चाके जमिनीला धरून ठेवते, तर ताठ गाडी उसळते.

उंचीचे महत्त्व या गाडीच्या इतिहासातच दिसून येते. अमेरिकेतील सुरक्षा नियमांसाठी १९७४ मध्ये एमजीबीला रबरी आवरणाचे जड बंपर बसवून तिची उंची वाढविण्यात आली. परिणामी वळणावर ती अधिक कलू लागली व तिच्या हाताळणीवर टीका झाली. १९७७ च्या सुमारास मागील बाजूसही कलरोधी दांडा देऊन हा दोष काही प्रमाणात दूर करण्यात आला. अशा उत्तरकालीन गाडीच्या बाबतीत मूळ उंची परत आणणे हाच पुष्कळदा सर्वांत फलदायी फेरफार ठरतो.

एंजिन : अंतर्ज्वलन एंजिन हे तत्त्वतः हवेचा पंप असते, जेवढी हवा आत जाईल तेवढेच इंधन जळू शकते. चार धावांच्या १,७९८ घ. सेंमी. एंजिनातील सिलिंडर पूर्ण भरत असतील, तर ५,४०० फेऱ्यांना त्यातून दर मिनिटास सु. ४·८५ घ. मी. हवा जाते. ती अडविणारा अरुंद भाग शोधून काढणे, हे शक्तिवर्धनाचे मूळ सूत्र होय. हवेचा गाळक, कार्ब्युरेटर, अंतर्ग्रहण मार्ग, झडपा व निष्कास नळ्या हे सर्व एकाच मार्गाचे टप्पे असल्याने त्यांपैकी एकच मोठा करून उपयोग होत नाही. ‘बी’ मालिकेच्या सिलिंडर टोपणात चार सिलिंडरांसाठी दोनच अंतर्ग्रहण द्वारे असतात व शेजारचे दोन सिलिंडर एका द्वारातून हवा घेतात. मोठ्या कार्ब्युरेटरचा लाभ या जोडद्वारांमुळे मर्यादित राहतो. उलटपक्षी टोपणातील मार्ग गुळगुळीत करणे व झडपांच्या बैठकी अचूक कोनात घासणे यांसारखी कामे दिखाऊ नसली, तरी परिणामकारक असतात.

शक्ती म्हणजे परिबल व कोनीय वेग यांचा गुणाकार. मूळ एमजीबीचे कमाल परिबल ३,००० फेऱ्यांना सु. १४९ न्यूटन-मीटर असून त्या वेळी शक्ती सु. ६३ अश्वशक्ती असते. ५,४०० फेऱ्यांना परिबल सु. १२५ न्यूटन-मीटरपर्यंत उतरते, तरीही फेऱ्या वाढल्याने शक्ती ९५ अश्वशक्ती होते. झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा कॅमदंड उच्च फेऱ्यांवरील परिबल वाढवितो, पण कमी फेऱ्यांवर सिलिंडरातील मिश्रणाचा काही भाग परत मागे ढकलला जातो व तेथील परिबल घटते. शर्यतीचा कॅमदंड बसविलेली गाडी शहरातील रहदारीत अडखळते ती या कारणाने. रस्त्यावरचा चालक बहुतेक वेळ २,००० ते ४,००० फेऱ्यांच्या टप्प्यात असतो. त्यामुळे कमाल शक्तीच्या आकड्यापेक्षा या टप्प्यातील परिबल पाहूनच कॅमदंड निवडणे श्रेयस्कर ठरते.

संपीडन गुणोत्तर वाढविल्याने औष्णिक कार्यक्षमता वाढते. मात्र ८·८ वरून १० पर्यंत वाढ केली, तर आदर्श चक्राच्या गणितानुसार होणारा लाभ ४ टक्क्यांहूनही कमी भरतो. त्याबरोबर अपस्फोटनाचा, म्हणजे मिश्रण अवेळी व स्फोटक रीतीने जळण्याचा, धोका वाढतो. याच कारणास्तव प्रज्वलनाचा क्षणही इंधनाच्या ऑक्टेन अंकानुसार निश्चित करावा लागतो. यांत्रिक संपर्कबिंदूंऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसविल्याने शक्ती फारशी वाढत नाही, परंतु ठिणगीची वेळ स्थिर राहते व विश्वासार्हता सुधारते.

एंजिनाच्या फेऱ्या वाढविण्याची किंमत यांत्रिक भागांना मोजावी लागते. जडत्वबल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ५,४०० ऐवजी ६,५०० फेऱ्यांना दट्ट्या व संयोगदांडा यांवरील ताण सु. ४५ टक्क्यांनी वाढतो. या गाडीतील भुजादंडास प्रारंभी तीन मुख्य बेअरिंगांचा आधार होता. १९६४ मध्ये पाच बेअरिंगांची रचना आली. उच्च फेऱ्यांसाठी ही नंतरची रचना अधिक सक्षम समजली जाते. सिलिंडरांचा व्यास सु. १·५ मिमी.ने वाढविल्यास घनफळ सु. १,८६८ घ. सेंमी. होते. एंजिन दुरुस्तीसाठी उघडलेलेच असताना असा फेरफार करणे सोयीचे असते. मात्र भिंतीची उरलेली जाडी आधी तपासावी लागते.

जुन्या गाडीच्या इंधनाचा प्रश्न वेगळा आहे. पूर्वी पेट्रोलातील शिशाच्या संयुगामुळे झडपांच्या मऊ बैठकींचे संरक्षण होत असे. भारतात व ब्रिटनमध्ये २००० पासून अशा पेट्रोलाची सर्वसाधारण विक्री बंद झाली. म्हणून टोपण उघडले असताना कठीण धातूच्या बैठकी बसविणे इष्ट असते. पेट्रोलात मिसळलेले एथॅनॉल जुन्या रबरी नळ्या व गास्केटे यांना हानी पोहोचविते आणि त्यामुळे मिश्रणातील इंधनाचे प्रमाणही बदलावे लागते. शक्तिवर्धनाबरोबरच इंधनाच्या नळ्या बदलणे हे आगीपासून संरक्षणाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

शक्तिप्रेषण, वजन व वायुरोध : वाढलेले परिबल क्लच, दंतचक्र पेटी व मागील आस यांतून चाकांकडे जाते, त्यामुळे त्यांची स्थिती पाहूनच एंजिनातील वाढ ठरवावी लागते. मागील आसातील दंतचक्रांचे गुणोत्तर वाढविल्यास त्वरण सुधारते, पण त्याच वेगासाठी एंजिनास अधिक फेरे घ्यावे लागतात. एमजीबीत ताशी १०० किमी. वेगाला एंजिनाच्या सु. ३,४७० फेऱ्या होतात. अतिचालन यंत्रणा जोडल्यास त्या सु. २,८०० पर्यंत उतरतात. लांबच्या प्रवासासाठी गाडी वापरणाऱ्यास ही यंत्रणा दहा जादा अश्वशक्तींपेक्षा अधिक सुखावह ठरते.

१,०७० किग्रॅ. वजनातून ५० किग्रॅ. कमी केले, तर त्वरणाच्या दृष्टीने शक्ती सु. ५ टक्क्यांनी वाढल्यासारखे होते, शिवाय ब्रेक व टायर यांवरील भारही घटतो. कमाल वेगाचे गणित याहून कठोर आहे. हवेच्या रोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने कमाल वेग केवळ १० टक्क्यांनी वाढविण्यास सु. एकतृतीयांश जादा शक्ती हवी. १९६३ च्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत उतरलेल्या एमजीबीला लांब व उतरते नाक बसविण्यात आले होते, ते वायुरोध कमी करण्यासाठीच. ती गाडी एकंदर बाराव्या क्रमांकाने शर्यत पुरी करू शकली.

दोन बोधप्रद उदाहरणे : एंजिन बदलून शक्ती वाढविण्याचे दोन प्रयोग खुद्द कारखान्यानेच केले. १९६७ मध्ये आलेल्या एमजीसी गाडीत सहा सिलिंडरांचे २,९१२ घ. सेंमी. व १४५ अश्वशक्तीचे एंजिन बसविले होते. ते मूळ एंजिनापेक्षा सु. ९५ किग्रॅ. जड असल्याने पुढील चाकांवरील भार वाढला व वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस जाऊ पाहते अशी टीका झाली. तिचे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. १९७३ मध्ये त्याच सांगाड्यात ३,५२८ घ. सेंमी. व १३७ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे ॲल्युमिनियमी एंजिन बसविण्यात आले. आकारमान जवळजवळ दुप्पट असूनही त्याचे वजन मूळच्या ओतीव लोखंडी एंजिनापेक्षा अधिक नव्हते. साहजिकच गाडीचा तोल बिघडला नाही. एमजीसीपेक्षा थोडी कमी अश्वशक्ती असूनही ही गाडी हाताळणीत सरस मानली जाते. शक्ती किती मिळाली याबरोबरच ती कोणत्या वजनाच्या मोबदल्यात व गाडीच्या कोणत्या भागात आली हे पाहणे किती आवश्यक आहे, हे या दोन गाड्यांच्या तुलनेवरून लक्षात येते.

मापन : एका वेळी एकच फेरफार करून त्याचा परिणाम मोजणे ही शास्त्रीय पद्धत होय. रुळांवर गाडी चालवून शक्ती मोजणारे यंत्र, निष्कास वायूतील ऑक्सिजन मोजणारा संवेदक व साधे विरामघड्याळ ही यासाठी पुरेशी साधने आहेत. गाळक किंवा नळी बदलल्यावर हवेचे प्रमाण बदलते. त्याप्रमाणे कार्ब्युरेटरची सुई बदलली नाही, तर मिश्रण विरळ होऊन दट्ट्या जळण्याचा संभव असतो. गाडीचा आवाज वाढला म्हणजे शक्ती वाढली, हा भ्रम मापनानेच दूर होतो.

कायदा व ऐतिहासिक मूल्य : भारतात १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ विनिर्देशाहून भिन्न होतील असे फेरफार करण्यास प्रतिबंध आहे. तसेच २०२१ मध्ये झालेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदणी मिळण्यासाठी तिचा सांगाडा व एंजिन मूळ स्वरूपात असणे अपेक्षित असते. ब्रिटनमध्येही चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून मिळणारी सूट मोठे फेरफार केलेल्या गाड्यांना लागू होत नाही.

या दृष्टीने फेरफारांचे उलटविता येणारे व न येणारे असे दोन वर्ग पडतात. ब्रेकची अस्तरे, टायर, प्रज्वलन यंत्रणा, कार्ब्युरेटर व निष्कास नळ्या पहिल्या वर्गात येतात. मूळ भाग जपून ठेवल्यास गाडी केव्हाही पूर्ववत करता येते. सांगाडा कापणे, मडगार्ड रुंद करणे किंवा मूळ क्रमांकाचे एंजिन टाकून देणे हे फेरफार दुसऱ्या वर्गातील होत. ब्रेक, टायर व निलंबन यांपासून सुरुवात करून मग एंजिनाच्या बाह्य भागांकडे व शेवटी त्याच्या अंतर्भागाकडे जाणारा क्रम सुरक्षिततेस जसा अनुकूल आहे, तसाच तो बहुतांशी उलटविता येणाऱ्या फेरफारांकडून न येणाऱ्या फेरफारांकडेही जातो. कारखाने बंद झाले असल्याने अशा गाड्यांची संख्या यापुढे घटतच जाणार आहे. मूळ रचनेची साक्ष देणारी प्रत्येक गाडी म्हणूनच तंत्रविद्येच्या इतिहासाचे एक साधन ठरते.